सांदण दरीने शिकविलेला धडा

वसतिगृहातील मुलांना दरीखोऱ्यांत का नेता, असे पालक आम्हांस अनेकदा विचारतात. अभ्यास सोडून दोराला लोंबकळण्यात कसले शिक्षण, ही त्यांची शंका रास्त आहे. तिचे उत्तर सांदण दरीच्या आधारे देत आहोत.

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पुढे, साम्रद हे गाव सह्याद्रीच्या कड्यालगत वसले आहे. जवळच्या रतनगडाच्या पूर्वेकडील पाणी प्रवरेतून गोदावरीला मिळते व बंगालच्या उपसागराकडे जाते. सांदणीचे पाणी मात्र कोकणात उतरून अरबी समुद्र गाठते. पाठ्यपुस्तकातील ‘जलविभाजक’ हा शब्द मुलांना येथे पायांखाली भेटतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून हा काळा पाषाण घडला. त्याच्या भेगांत शिरून पाण्याने तो झिजविला आणि ही अरुंद घळ कोरली गेली. तळाशी ऊन जेमतेम पोहोचते; वाटेतील डोहांचे पाणी हिवाळ्यात अंग गोठविते.

घळीतून उतरणे म्हणजे पाण्याच्याच वाटेने खाली जाणे. उभ्या टप्प्यावर दोर खडकातील एकाहून अधिक आधारांना बांधतात. कमरेच्या हार्नेसला जोडलेल्या उपकरणातून दोर सरकताना घर्षणाने वेग आवरला जातो. हात सुटलाच, तर सुरक्षेचा दुसरा दोर मुलाला रोखून धरतो. शेवटचा माणूस उतरला की दोर खाली ओढून घेतात आणि परतीची वाट बंद होते. म्हणून खरा निर्णय उतरण्यापूर्वी, वरच घ्यावा लागतो.

एका वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही साम्रदला पोहोचलो. आमच्या दृष्टीने आकाश स्वच्छ होते. गावातील वाटाड्या मात्र डोंगरमाथ्याकडे बराच वेळ पाहत राहिला व म्हणाला, “गुरुजी, आज नको. दरीत पाणी आलं तर पळायला जागा नाही.” मुलांनी महिनोन्‌महिने पैसे साठविले होते. आम्ही त्याच्याशी हुज्जत घातली. तो शांतपणे नाहीच म्हणत राहिला. अखेर आम्ही नाराजीनेच थांबलो. दुपारी वळीव कोसळला आणि पाहता पाहता गावाजवळचा कोरडा ओढा तांबड्या पाण्याने भरून वाहू लागला. मुले एकही शब्द न बोलता त्याकडे पाहत होती.

त्या वाटाड्याची शाळा सातवीत सुटली होती. आम्ही इतिहासाचे पदवीधर. पुराव्याचे वाचन कसे करावे, हे वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या दिवशी पुरावा त्याने वाचला होता, आम्ही नव्हे.

पुढील जानेवारीत त्याच वाटाड्यासह आमची मुले सुखरूप दरी उतरली. तेव्हापासून आमच्या सहलीच्या संमतीपत्रात एक वाक्य असते : मागे फिरण्याचा निर्णय स्थानिक वाटाड्या घेईल आणि तो कोणीही, मुख्याध्यापकही, बदलणार नाही. पालकांनी सही करण्यापूर्वी ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, एवढीच विनंती.