स्त्रीबीजाचं वय: पाच गैरसमज, पाच वस्तुस्थिती

शिक्षण, नोकरी, घराचे हप्ते आणि रोजची लोकल यांत ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या कित्येक जोडप्यांचा मुलाचा निर्णय तिशीपुढे जातो. मग ‘वय झालं’ हे ऐकावं लागतं. हे वय नेमकं कशाचं? बऱ्याच अंशी स्त्रीबीजाच्या आतल्या सांगाड्याचं आणि त्याला जोडलेल्या गुणसूत्रांचं.

गैरसमज १: दर महिन्याला नवं स्त्रीबीज तयार होतं.
वस्तुस्थिती: मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजं तयार होतात. जन्मावेळी ती सुमारे १० ते २० लाख असतात, वयात येताना तीन-चार लाख उरतात. त्यांचं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं. अडतिसाव्या वर्षी सुटणारं बीज तितक्याच वर्षांचं असतं.

गैरसमज २: पाळी नियमित, म्हणजे बीज उत्तम.
वस्तुस्थिती: बीज सुटतं की नाही याचा अंदाज पाळीवरून येतो, त्याच्या आत काय घडतं हे कळत नाही. बीज पक्व होताना त्याच्या सांगाड्यातल्या, ट्युब्युलिन प्रथिनाच्या सूक्ष्मनलिकांतून तर्कुतंतू उभे राहतात आणि गुणसूत्रं दोन बाजूंना ओढतात. शरीराच्या इतर पेशींत या कामाला तारककेंद्रांची मदत असते, स्त्रीबीजात ती नसतात. संशोधक मेलिना शुह यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं, की मानवी बीजात ही रचना उभी राहायला सुमारे १६ तास लागतात आणि ती वारंवार डळमळते. त्यात वयानुसार गुणसूत्रांना बांधून ठेवणारं कोहेसिन कमी होतं, जोड्या सैल पडतात आणि वाटणी चुकते. म्हणूनच डाउन सिंड्रोमची शक्यता आईच्या पंचविशीत साधारण १,२५० बाळांत एक, तर चाळिशीत १०० बाळांत एक असते.

गैरसमज ३: एएमएच चांगलं आलं, आता घाई नाही.
वस्तुस्थिती: ही रक्तचाचणी शिल्लक बीजांच्या संख्येचा अंदाज देते. गुणसूत्रांची वाटणी नीट होईल का, हे ती सांगत नाही.

गैरसमज ४: आयव्हीएफ आहे, वयाची चिंता कशाला?
वस्तुस्थिती: परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं आणि असंख्य घरांना आशा मिळाली. पण आयव्हीएफमध्ये फलन शरीराबाहेर होतं, बीज तेवढ्याच वयाचं राहतं. म्हणूनच २०२१ च्या कायद्याने बीजदात्रीचं वय २३ ते ३५ ठरवलं आहे. बीज गोठवल्यास त्याचं वय थांबतं, मागे जात नाही. बीजात बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून अतिशीघ्र गोठवण्याची पद्धत वापरतात. थंडीने सूक्ष्मनलिका विरघळतात. उबेत आणल्यावर त्या पुन्हा जुळाव्या लागतात.

गैरसमज ५: मूल होत नाही, दोष बाईचाच.
वस्तुस्थिती: गर्भाच्या पहिल्या विभाजनासाठी लागणारं तारककेंद्र शुक्राणूकडून येतं. म्हणजे अडचण पुरुषाकडेही असू शकते. त्याची वीर्यतपासणी सोपी असते, ती सुरुवातीलाच करावी.

झिजलेलं कोहेसिन भरून काढणारं सिद्ध औषध किंवा टॉनिक आज नाही. तंबाखू आणि सिगारेट मात्र आजच सोडता येतात. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि त्यानंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. बाईला बोल लावण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.