पावसाळ्यापूर्वीची एक लस

बँकेच्या नोकरीत चाकण परिसरातील एका शाखेत असताना दुग्धव्यवसायाच्या कर्जांची पाहणी हे माझे नित्याचे काम होते. एका जुलैत खातेदाराची कर्जावर घेतलेली, दीड वर्षाची धष्टपुष्ट कालवड लंगडू लागली. पाय मुरगळला असेल म्हणून घरच्यांनी मांडीला तेल-हळद चोळली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. सूज दाबली की चरचर आवाज येत होता, हे त्यांनी मला मागाहून सांगितले. तो फऱ्या होता.

या रोगाचे जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय, प्राणवायू नसलेल्या जागीच वाढतात. त्यांचे बीजाणू मात्र जमिनीत वर्षानुवर्षे तग धरतात, चाऱ्याबरोबर पोटात जातात आणि स्नायूंत रुजले की तेथे वायू व विष निर्माण करतात. 6 महिने ते 2 वर्षे वयाची, अंगाने भरलेली जनावरेच अधिक बळी पडतात. पेनिसिलीन अगदी आरंभी मिळाले तरच उपयोग. खोदकामाने जुनी माती वर आली की धोका वाढतो. आणि आपल्या पट्ट्यात खोदकाम कोठे नाही?

लस पुण्यातच, औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. ती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते. भोसरीच्या पांजरपोळाला आपण चाऱ्यासाठी देणगी देतो; कोणत्याही गोशाळेत देणगी देताना लसीकरणाचीही विचारपूस करावी.

या रोगाने मेलेले जनावर फाडू नये, चुना टाकून खोल पुरावे. त्या खातेदाराने कालवड ओढ्याकाठी उघड्यावर टाकली होती. विमा नव्हता. हप्ते पुढे तीन वर्षे चालू राहिले.