राखणदाराचीच राखण : नेटवर्क सुरक्षा-निरीक्षण प्रणालीतील त्रुटी व त्यांची दुरुस्ती

प्रस्तावना :

आज महाविद्यालयाचे प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय आणि लेखा हे सर्व व्यवहार संगणकाच्या नेटवर्कवर अवलंबून आहेत. या नेटवर्कच्या संरक्षणासाठी फायरवॉल, अँटिव्हायरस आणि घुसखोरी ओळखणाऱ्या निरीक्षण प्रणाली वापरल्या जातात. अशी प्रणाली बसवली की आपण सुरक्षित झालो, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु निरीक्षण करणारी प्रणाली हीदेखील एक आज्ञावलीच असते. ती माणसांनीच लिहिलेली असल्यामुळे तिच्यातही चुका राहतात. पहारेकऱ्याच्या खोलीलाच खिंडार असेल तर पहाऱ्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) निरीक्षण प्रणालीत सुरक्षा-त्रुटी का निर्माण होतात हे स्पष्ट करणे.
२) प्रत्यक्ष घडलेल्या घटनांच्या आधारे त्यांचे गांभीर्य दाखवणे.
३) अशा त्रुटींवर पॅच लावण्याची सुयोग्य पद्धती मांडणे.

त्रुटी का निर्माण होतात?

नेटवर्कवरून जाणारी माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांतून प्रवास करते. सर्वसाधारण संगणक केवळ आपल्या नावे आलेली पॅकेटे उघडतो. निरीक्षण प्रणाली मात्र तिच्यासमोरून जाणारे प्रत्येक पॅकेट वाचते, मग ते कोणाच्याही नावे असो. टपाल कचेरीत प्रत्येक पाकीट उघडून पाहणाऱ्या तपासनिसासारखे तिचे काम असते. एखाद्या पाकिटात विषारी भुकटी असेल, तर तिचा पहिला स्पर्श तपासनिसालाच होतो.

शिवाय या प्रणालीला वेब, ई-मेल, फाइल-वाटप, निरोपांची देवाणघेवाण अशा अनेक व्यवहारांच्या भाषा समजाव्या लागतात. प्रत्येक भाषेसाठी तिच्यात स्वतंत्र वाचक-भाग असतो. यांपैकी बरेच भाग वेगासाठी सी या भाषेत लिहिले गेले. या भाषेत स्मृतीची मर्यादा तपासण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर असते. ती तपासणी एका ठिकाणी जरी राहिली, तरी मर्यादेपेक्षा लांब मजकूर शेजारच्या स्मृतीवर लिहिला जातो. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. हल्लेखोर त्या मजकुरातच स्वतःच्या आज्ञा दडवतो. त्यातच निरीक्षण प्रणालीला अनेकदा सर्वोच्च अधिकार दिलेले असल्याने हानीची व्याप्ती वाढते.

काही उद्बोधक घटना :

१९९८ मध्ये मार्टिन रोश यांनी निर्माण केलेली स्नॉर्ट ही मुक्त घुसखोरी-निरीक्षण प्रणाली जगभर वापरली जाते. मार्च २००३ मध्ये तिच्या आरपीसी व्यवहार वाचणाऱ्या भागात बफर ओव्हरफ्लोची त्रुटी जाहीर झाली. १.८ पासून १.९.० पर्यंतच्या आवृत्त्या बाधित होत्या, १.९.१ मध्ये दुरुस्ती झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये बॅक ऑरिफिस हा घातक कार्यक्रम ओळखणाऱ्या भागातच तशी त्रुटी आढळली. येथे एकच यूडीपी पॅकेट पुरेसे होते आणि ते प्रणालीच्या नावे असण्याचीही गरज नव्हती. तिच्या नजरेखालून गेले तरी पुरे. ही चूक २.४.३ या आवृत्तीत सुधारण्यात आली.

विटी वर्मची घटना याहून गंभीर होती. स्नॉर्टमधील वरील दोन्ही त्रुटी इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीच्या संशोधकांनीच शोधल्या होत्या. १८ मार्च २००४ रोजी याच कंपनीच्या रिअलसिक्युअर, ब्लॅकआइस इत्यादी उत्पादनांतील त्रुटी जाहीर झाली. आयसीक्यू निरोप वाचणाऱ्या भागात ही चूक होती. सुधारित आवृत्त्या उपलब्ध होत्या. परंतु दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेतील १९ मार्चच्या रात्री, वर्म पसरू लागला. सुमारे ४५ मिनिटांत त्याचा प्रसार शिगेला पोहोचला आणि सुमारे १२,००० संगणक बाधित झाले. बाधित संगणकावरून तो पुढे पॅकेटे पाठवी आणि मधूनमधून त्याच संगणकाच्या डिस्कवर निरर्थक माहिती लिहून ती खराब करी. ज्यांनी सुरक्षेची उत्पादने बसवली होती, नेमके तेच येथे बळी पडले.

हा प्रश्न केवळ त्या काळापुरता नाही. पॅकेटे पाहण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या टीसीपीडम्पच्या सप्टेंबर २०१७ मधील एका आवृत्तीत सुमारे ९० त्रुटी एकदम दुरुस्त करण्यात आल्या.

पॅच लावण्यातील अडचणी :

पहिली अडचण गैरसमजाची आहे. निरीक्षण प्रणालीत दोन गोष्टी वेगवेगळ्या अद्ययावत कराव्या लागतात. हल्ले ओळखण्याचे नियम ही एक आणि ते नियम चालवणारी मूळ आज्ञावली ही दुसरी. नियम बहुधा आपोआप उतरवले जातात. त्यामुळे प्रणालीही अद्ययावत आहे असे वाटते. प्रत्यक्षात मूळ आज्ञावली कित्येक वर्षांपूर्वीची असू शकते. वरील घटनांतील त्रुटी मूळ आज्ञावलीतच होत्या.

दुसरी अडचण कामकाजाची. पॅच लावताना प्रणाली काही काळ थांबवावी लागते व तेवढा वेळ नेटवर्कवर नजर राहत नाही. म्हणून काम पुढे ढकलले जाते.

तिसरी अडचण विश्वासाची. सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या नेटवर्क-व्यवस्थापन प्रणालीच्या २०२० मधील अद्ययावत आवृत्त्यांतच हल्लेखोरांनी घातक भाग मिसळला होता. त्यांवर कंपनीची अधिकृत डिजिटल स्वाक्षरी होती. डिसेंबर २०२० मध्ये हे उघड झाले, तोपर्यंत सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत त्या पोहोचल्या होत्या. मात्र त्यामुळे पॅच न लावणे हा उपाय ठरत नाही. विटीची घटना त्याविरुद्ध साक्ष देते.

दुरुस्तीची पद्धती :

१) आपल्याकडे कोणती निरीक्षण प्रणाली, कोणत्या आवृत्तीची आणि कोणत्या संगणकावर आहे याची नोंदवही ठेवावी. नियमांची तारीख व आज्ञावलीची आवृत्ती वेगळी नोंदवावी.

२) निर्मात्याच्या सूचना व २००४ पासून कार्यरत असलेल्या सर्ट-इन या भारतीय संस्थेच्या सूचना नियमित वाचण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्यावी.

३) पॅच लावेपर्यंत बाधित भाग बंद ठेवावा. स्नॉर्टच्या वरील दोन्ही त्रुटींत संरचना-फाइलमधील संबंधित ओळ निष्क्रिय करून प्रणाली पुन्हा सुरू करणे हा तात्पुरता उपाय होता. मात्र त्या प्रकारचे हल्ले तेवढा काळ दिसणार नाहीत याची जाणीव ठेवावी.

४) पॅच प्रथम वेगळ्या संगणकावर लावावा. पूर्वी साठवलेली पॅकेटे जुन्या व नव्या आवृत्तीतून चालवून दोहोंच्या नोंदी ताडून पाहाव्यात. फरकाचे कारण समजल्यावरच मुख्य प्रणालीवर पॅच लावावा.

५) पॅच लावल्यानंतर प्रणाली खरोखर नव्या आवृत्तीवर चालू आहे याची खात्री करावी. फाइल बदलली, पण जुनी प्रक्रियाच चालू राहिली, असे घडू शकते.

६) पॅकेटे वाचणाऱ्या भागाला कमीत कमी अधिकार द्यावेत. वायरशार्कमध्ये पॅकेटे पकडणारा लहान भाग वेगळा ठेवलेला असून त्यांचा अर्थ लावणारा मोठा भाग सामान्य अधिकारांवर चालवता येतो. सुरिकाटाने २०१९ मधील ५.० या आवृत्तीपासून स्मृतीची सुरक्षितता जपणारी रस्ट ही भाषा अनिवार्य केली. अशा रचनेमुळे एखादी चूक राहिली तरी हानी मर्यादित राहते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, निरीक्षण प्रणाली जितकी अधिक पाहते, तितकी ती स्वतः अधिक उघडी पडते. म्हणून पॅच लावण्याच्या क्रमात तिला शेवटचे नव्हे, तर पहिले स्थान मिळाले पाहिजे. महाविद्यालयांत प्रणाली खरेदी करताना निधीची तरतूद होते. पुढील देखभालीसाठी मात्र माणूस व वेळ यांची तरतूद क्वचितच होते. विटीने दिलेली मुदत अवघ्या एका दिवसाची होती. ज्या संस्थेत ही जबाबदारी कोणाच्याच नावे लिहिलेली नाही, तेथे तो दिवस सूचना वाचण्यापूर्वीच संपलेला असेल. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकाच्या रूपाने वरील चौथी पायरी करावयास दिल्यास शिक्षण व संरक्षण ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साध्य होतील.