कराडचं लायसन्स, ऑक्सफर्डचा रस्ता

परदेशी निघालेल्या बाईची बॅग भरायला सगळं घर जमतं. कांदा-लसूण मसाला तीन पिशव्यांत गुंडाळला जातो, मेतकुटाचा डबा आत-बाहेर होतो, पोळपाट-लाटणं न्यायचं की नाही यावर दोन दिवस वाद चालतो. लायसन्सचं मात्र कुणी नावही काढत नाही. माझ्याबरोबर ते आलं, ते केवळ पर्सच्या कप्प्यात कायम असायचं म्हणून. कराडच्या आरटीओचं लायसन्स आणि त्यावर आठ वर्षांचा सराव. मंडई, मुलीची शाळा, सासूबाईंचे गुडघेदुखीचे डॉक्टर, सणासुदीला कोल्हापूर. आमच्या वॅगन आरचं स्टिअरिंग बहुतेक वेळा माझ्याच हातात असायचं.

2022च्या ऑगस्टअखेर मी आणि मुलगी इंग्लंडला, मिल्टन कीन्सला आलो. नवरा दोन वर्षं आधीच आला होता. ब्रिटनमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात, स्टिअरिंगही उजवीकडेच. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, फरक तो काय? चालवायला लागायचं!

तशी परवानगी असतेही, पण मोजून बारा महिने. तिथे राहायला आल्यापासून 12 महिने आपल्या लायसन्सवर साधी चारचाकी चालवता येते. तेराव्या महिन्यात तुमची आठ काय नि अठरा काय, सगळी वर्षं शून्य. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांची लायसन्सं तिथे बदलून मिळतात. त्या यादीत भारत नाही. आपल्याला पहिल्यापासून सुरुवात! आधी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, मग लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची. मुदतीत पास झालं नाही तर गाडीला लाल 'एल' लावायचा आणि शेजारी जाणता माणूस बसवायचा.

हा जाणता माणूस कोण, ते ऐका. वय किमान 21 आणि ब्रिटनचं किंवा युरोपातल्या ठरावीक देशांचं लायसन्स किमान 3 वर्षांचं. माझ्या नवऱ्याने भारतात पंधरा वर्षं गाडी चालवली, पण तिथलं लायसन्स मिळून त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. म्हणजे मला शिकाऊ व्हावं लागलं, तर तो शेजारी बसूनही उपयोग नव्हता.

हे सगळं मला वसंत ऋतूत, आठव्या महिन्यात कळलं. शेजारी नागपूरची एक मैत्रीण राहते, तिने हाताला धरून अर्ज भरून घेतला. देशात किमान 185 दिवस राहण्याची परवानगी असेल तर प्रोव्हिजनल मिळतं. फी 34 पौंड, लेखीची 23, रस्त्यावरच्या परीक्षेची 62. नवऱ्याचं म्हणणं, ''एवढी घाई कशाला? मी आहे ना सोडायला-आणायला.'' तो प्रेमानेच म्हणत होता. पण हे वाक्य ऐकून परदेशात वर्षानुवर्षं डाव्या सीटवर बसलेल्या किती बायका मी पाहिल्यात! इकडे स्कूटीवर अख्खं गाव पालथं घालणारी बाई तिकडे दुधाच्या पिशवीसाठी नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघते. माझ्या मते नव्या देशात बाईला एकटं पाडणाऱ्या गोष्टींत भाषेच्या खालोखाल नंबर गाडीचा लागतो.

जूनमध्ये त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. एका सकाळी म्हणाला, डोळ्यापुढे काळी सावली येतेय. दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. सप्टेंबरात पुन्हा एक छोटं ऑपरेशन, तोवर दर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी. आमच्या घरापासून ऑक्सफर्ड साठेक किलोमीटर. तेव्हा थेट रेल्वे नव्हती. बस होती, पण डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन किती वेळा बस करणार?

मग कराडच्या लायसन्सवर मीच नेऊ लागले. इन्शुरन्समध्ये माझं नाव घालून घेतलं. परदेशी लायसन्स म्हटल्यावर हप्ता चांगलाच वाढला. पण इन्शुरन्सशिवाय तिथे गाडी गेटाबाहेर काढायची सोय नाही. आणि लायसन्सची मुदत संपली की इन्शुरन्सही गेलाच. पोलिसांनी धरलं तर 300 पौंड दंड, 6 पॉइंट आणि गाडी जप्त होऊ शकते. नव्या लायसन्सवर पहिल्या 2 वर्षांत 6 पॉइंट झाले, की लायसन्सच रद्द. माझी मुदत ऑगस्टअखेर संपत होती, ऑपरेशन सप्टेंबरात होतं. आणि रस्त्यावरच्या परीक्षेची जवळात जवळची तारीख मिळत होती जानेवारीची! कोविडनंतर तिथे परीक्षेसाठी महिनोन् महिने रांग लागलेली. कुणी तारीख रद्द केली तर ती मिळते, म्हणून मी रोज पहाटे उठून मोबाइल उघडून बसायची.

दरम्यान क्लास लावला. तासाला 38 पौंड, म्हणजे चार हजार रुपयांच्या घरात! शिकवणारी पन्नाशीची, गोड बोलणारी, पण नजर घारीची. पहिल्या फेरीनंतर म्हणाली, ''चालवतेस छान. पण तू आरशात बघतेस हे फक्त तुला माहितीये. परीक्षकाला दिसलं पाहिजे.'' आपण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो. तिथे मान वळवायची. सिग्नल द्यायच्या आधी आरसा, वेग बदलायच्या आधी आरसा, निघताना उजव्या खांद्यावरून मागे नजर. दोन दिवसांत मान आखडली माझी.

सवयी सोडणं हे शिकण्यापेक्षा अवघड. आपल्याकडे समोरच्याने दिवा मारला, की अर्थ असतो 'मी येतोय, थांब.' तिथे बहुतेक जण तोच दिवा 'तुम्ही जा' म्हणून मारतात. नियमाच्या पुस्तकात दिव्याचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच आहे, ते वेगळं. हॉर्न म्हणजे तर जवळजवळ शिवीच. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात वाजवायला बंदी. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस नुसता काठावर उभा असला तरी थांबायचं, हे 2022च्या जानेवारीपासून नियमांच्या पुस्तकात आलंय. रस्त्याला दिव्यांचे खांब असतील आणि दुसरी पाटी नसेल, तर वेग ताशी 30 मैलांच्या, म्हणजे 48 किलोमीटरच्या आत. पण उगाच रेंगाळलात तरी मार्क जातात, बरं का! मिल्टन कीन्स हे तर गोल चौकांचं गाव, शंभराहून जास्त आहेत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि फट मिळाली की न घाबरता घुसायचं. कोल्हापूर नाक्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमधून गाडी काढलेल्या बाईला घुसण्याची भीती नव्हती. थांबायचं कधी, तेवढं शिकावं लागलं.

लेखीत 50 प्रश्न असतात, 43 बरोबर यावे लागतात. पुढे पडद्यावर रस्त्याचे व्हिडिओ दाखवतात, धोका दिसताक्षणी बटण दाबायचं. हेही पहाटेच्या अभ्यासावर निघालं.

जाता जाता, लेकी-सुना परदेशी निघाल्या असतील त्यांच्यासाठी एक. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परमिट मिळतं. नमुना 4-ए, फी हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. ते आपल्या लायसन्सच्या जोडीला दाखवायचं असतं, एकट्याने चालत नाही. फिरायला जाऊन गाडी भाड्याने घ्यायची असेल तर ते जवळ ठेवावं. राहायला गेलात तर देशोदेशीचा कायदा वेगळा. जर्मनीत 6 महिने चालतं, दुबईत रहिवासी व्हिसा लागला की आपलं लायसन्स चालत नाही, कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून 10 दिवसांत तिथलं काढावं लागतं. आणि हो, ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. ज्यांना क्लच-गिअरची सवय आहे त्यांनी सोपं म्हणून तो रस्ता धरू नये.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बेडफर्डची तारीख दिसली, 17 ऑगस्ट. बोटं थरथरत होती, पण नोंदवली. परीक्षेला आधी वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचायला लावली. मग चाळीसेक मिनिटं गाडी. परीक्षक एक अक्षर अवांतर बोलले नाहीत. लहान चुका पंधरापर्यंत माफ असतात, गंभीर एकही नाही. निम्मे लोक नापास होतात, हे डोक्यातून जात नव्हतं. शेवटी त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं आणि म्हणाले, पास. लहान चुका सात. मी कराडला फोन लावला, तेव्हा इकडे दुपारचे साडेतीन झाले होते. सासूबाई म्हणाल्या, ''अगं, पण तुला तर येतच होती की गाडी!''

सप्टेंबरात ऑपरेशनला मीच घेऊन गेले. आता त्याचा डोळा बरा आहे, डॉक्टरांनी गाडी चालवायला मोकळीकही दिलीय. तरी लांबच्या रस्त्याला चावी माझ्याकडेच असते. डाव्या सीटवर बसून त्याचा पाय अजून ब्रेक शोधत असतो.