पोरीची शर्यत आणि सिंदखेडराजाचा वाडा

मैत्रिणींनो, थंडी पडली की शाळांच्या धावण्याच्या शर्यती सुरू होतात आणि आपल्या धामणगाव बढेची पोरं मोताळ्याला, बुलढाण्याला जातात. शर्यत पाच-दहा मिनिटांची, जाण्यायेण्यात मात्र दिवस जातो. शर्यत बुलढाण्याला असली, तर तिथून पुढे चिखली, देऊळगावराजा करत सिंदखेडराजा गाठता येतं. आणि खर्चाचं म्हणाल, तर मार्च 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या पोरांनाही अर्धंच. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर तिकीटच नाही. तिलाही न्या.

शर्यत सकाळी लवकर असेल तर राजूर घाट चढून वेळेवर पोचणं अवघड. आदल्या रात्री बुलढाण्यात नातेवाइकाकडे मुक्काम करावा. बुलढाणा उंचावर आहे, पहाटे गारठा असतो. स्वेटर पळायच्या आधी पाच मिनिटं काढायचा, तासभर आधी नाही. खाणं शर्यतीच्या दोन तास आधी: गूळ-तूप-पोळी किंवा एखादं केळं. पुरी-भजी नको, पोटात कळ येते. कौतुकानं घेतलेले नवे बूटही त्या दिवशी नकोत, सवयीचेच बरे. शर्यत संपल्यावर पोराला लगेच खाली बसवू नका. थोडं चालवा, मग घोट घोट लिंबू-साखर-मिठाचं पाणी द्या.

आता मुलींचं. मैदानावर मुतारी नसेल म्हणून पुष्कळ मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग पळताना घेरी येते. म्हणून गुरुजींना किंवा बाईंना आदल्या दिवशीच विचारा, मुलींची सोय कुठे आहे? विचारायला लाजू नका, चार आयांनी विचारलं तर सोय होते. दुसरं, पाळी सुरू झाली की धावणं बंद, असं अजून घराघरांत ऐकू येतं. पाळीत धावल्यानं काही बिघडत नाही. फार दुखत असेल किंवा अंगावरून फार जात असेल, तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावं. पण कायमचं बंद कशाला? साताऱ्याकडच्या मोही गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत दहावी आली. तीही खेड्यातलीच लेक.

दुपारी सिंदखेडराजा. पोरांनी किल्ला म्हटलं की डोंगर डोळ्यांपुढे येतो, म्हणून आधीच सांगून ठेवा, हा सपाटीवरचा वाडा आहे. पळून दमलेल्या पायांना तेच सोयीचं. लखुजीराजे जाधवांच्या या वाड्यात 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म झाला. मोठा दरवाजा ओलांडून आत जन्माची जागा दाखवा. मग काळा कोट. त्याच्या भिंतीला पाठ लावून पोराला वर बघायला सांगा, उंची तेव्हाच कळते. मोती तलावाचा बांध तर तटबंदीसारखाच बांधलाय. पाणी अडवायला एवढा खर्च करणारा राजा मला तरी वाड्यापेक्षा तिथेच जास्त कळतो.

लखुजीराजांच्या समाधीपाशी मात्र घाई करू नका. भव्य दगडी इमारत आहे. जुलै 1629 मध्ये देवगिरीवर निजामशाहीच्या दरबारात त्यांना मुला-नातवासह दगा देऊन मारलं. तेव्हा जिजाऊंच्या पोटी शिवराय होते. त्यांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा, म्हणजे माहेर असं उद्ध्वस्त झाल्यावर सात महिनेही लोटले नव्हते. पोरं हे नीट ऐकतात. शाळेच्या पुस्तकातली जिजाऊ इथे कुणाची तरी लेक होते.

फक्त 12 जानेवारीला वाडा दाखवायचा बेत आखू नका. जन्मोत्सवाला लाखोंची गर्दी असते, लहान पोराला काही दिसत नाही. उत्सवाला जायचं तर त्यासाठीच जा. एरवी बुलढाण्याहून निघताना परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या, आणि डब्यात शेंगदाण्याची चिक्की ठेवा. चिखली येईपर्यंत पोरांना पुन्हा भूक लागते.