पांढरीवरची शहरे

इराकच्या कुर्दिस्तानात अर्बिल नावाचे शहर आहे. शहराच्या मधोमध पंचवीस-तीस मीटर उंचीचे टेकाड आणि त्याच्या माथ्यावर दाटीवाटीने उभा असलेला बालेकिल्ला. हे टेकाड निसर्गाने घडवलेले नाही. माणसांनी मातीची घरे बांधली, ती पडली, पडलेल्या मातीवरच पुढच्यांनी घरे उभारली. हजारो वर्षे हेच चालत राहिले आणि पायाखालची जमीन वर वर चढत गेली. २००७ च्या सुमारास या बालेकिल्ल्याच्या डागडुजीचे काम निघाले तेव्हा वर राहणाऱ्या शेकडो कुटुंबांना खाली हलवण्यात आले. एक कुटुंब मात्र मुद्दाम वरच ठेवले. शेवटचा माणूस खाली उतरला असता, तर हजारो वर्षांच्या अखंड वस्तीत खंड पडला असता! २०१४ मध्ये युनेस्कोने अर्बिलच्या बालेकिल्ल्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

एका कुटुंबाच्या चुलीवर एका शहराचे सातत्य टिकवण्याची ही धडपड कुणाला अतिरेकी वाटेल. पण तिच्यातून एक खरा प्रश्न पुढे येतो. एखादे शहर दोन-तीन हजार वर्षे ‘तेच’ राहते म्हणजे नेमके काय राहते? घरे तर राहत नाहीत. राजे, भाषा, देव, कधी कधी नावही बदलते. मग उरते काय?

जॉर्डन नदीच्या खोऱ्यातील जेरिकोचे उदाहरण घेऊ. कॅथलीन केन्यन यांनी १९५० च्या दशकात तिथल्या टेकाडात खणले तेव्हा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा, साडेआठ मीटर उंचीचा दगडी बुरूज सापडला. जगातले सर्वांत जुने शहर म्हणून जेरिकोचे नाव झाले ते त्यामुळे. प्रत्यक्षात ते टेकाड मधल्या काळात अनेकदा ओस पडले आणि आजचे जेरिको त्याच्या शेजारी वसलेले आहे. टेकाडाच्या पायथ्याशी पाण्याचा एक जिवंत झरा आहे. भोवती रखरखीत वाळवंट असल्यामुळे गेलेली माणसे फिरून त्या झऱ्यापाशीच आली.

दमास्कसचीही गोष्ट पाण्यापासून सुरू होते. बरादा नदी डोंगरातून उतरते, वाळवंटाच्या काठावर तिचे पाट फुटतात आणि त्यांच्यावर घूता नावाचा हिरवा पट्टा पोसला जातो. इजिप्तच्या तिसऱ्या थुतमोसने साडेतीन हजार वर्षांपूर्वी कर्नाकच्या मंदिरात कोरवलेल्या नगरांच्या यादीत दमास्कसचे नाव आहे. त्या शहरात एक जागा अशी आहे की सातत्य म्हणजे काय ते तिथे डोळ्यांनी पाहता येते. आधी तिथे अरामी लोकांच्या हदाद या पर्जन्यदेवाचे देऊळ होते. रोमनांनी त्याच जागी ज्युपिटरचे भव्य मंदिर बांधले. ख्रिस्ती काळात तिथे संत जॉनचे चर्च आले. मग खलिफा अल-वलीदने इ. स. ७०६ ते ७१५ या काळात आजची उमय्यद मशीद उभारली. मशिदीच्या एका जुन्या, बंद झालेल्या दारावर ख्रिस्ताच्या राज्याबद्दलचा ग्रीक शिलालेख अजून आहे. १४०१ मध्ये तैमूरच्या स्वारीत मशीद होरपळली, १८९३ मध्ये पुन्हा आगीत सापडली, आणि दोन्ही वेळा दुरुस्त झाली. धर्म बदलले, प्रार्थनेची जागा बदलली नाही. जवळचा ‘सरळ रस्ता’, ज्याचा उल्लेख बायबलच्या नव्या करारात येतो, आजही पूर्व दरवाजापासून शहराच्या आरपार जातो. तो मूळ रोमन शहराचा हमरस्ता. रोमन खांब गेले, दुकाने आली, रस्त्याची रेघ कायम राहिली.

शहरात सर्वांत चिवट असतात त्या या रेघा. इमारत पाडता येते. रस्ता हलवायचा तर दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घरमालकाशी भांडावे लागते.

टिकून राहण्याची एक किंमत मात्र असते आणि ती इतिहासाला मोजावी लागते. मोहेंजोदडो ओस पडले, म्हणून त्याची गटारे, विहिरी, न्हाणीघरे आज मोजता येतात. पाटलिपुत्राचे तसे नाही. मेगॅस्थेनिस या ग्रीक वकिलाच्या वर्णनानुसार त्याच्या लाकडी तटबंदीला ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज होते. मौर्यांची ही राजधानी आकाराने आणि वैभवाने मोहेंजोदडोच्या कितीतरी पुढे असणार. पण तिच्यावर पाटणा उभे आहे. सर रतन टाटांनी दिलेल्या पैशातून १९१२-१३ मध्ये डी. बी. स्पूनर यांनी कुम्हरारला खणले आणि ऐंशी खांबांच्या सभागृहाचे अवशेष हाती आले. बुलंदीबागेत लाकडी तटाचा तुकडा मिळाला. बाकीचे नगर घरांखाली, रस्त्यांखाली, लोहमार्गाखाली आहे. मेलेले शहर आपला पुरावा जपून ठेवते. जिवंत शहर तो वापरून टाकते: जुन्या विटा नव्या भिंतीत जातात आणि जुन्या विहिरीत केरकचरा पडतो.

काशीतही हेच झाले. घाटांवर उभ्या राहणाऱ्या यात्रेकरूला सगळे अनादि वाटते. पण आज दिसणाऱ्या घाटांपैकी बरेचसे अठराव्या शतकातले आहेत आणि त्यात मराठ्यांचा वाटा फार मोठा आहे. विश्वनाथाचे सध्याचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधवले. शिंदे आणि भोसले यांच्या नावांचे घाट तर आहेतच. खरी जुनी काशी थोडी उत्तरेला, वरुणेच्या संगमाजवळ राजघाटच्या पठारावर होती. तिचा पत्ता लागला तो १९४० च्या सुमारास रेल्वेमुळे. काशी स्टेशनच्या कामासाठी माती उकरताना प्राचीन अवशेष निघू लागले. पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयाने केलेल्या उत्खननात वस्तीचा काळ इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपास गेला. म्हणजे काशीही जागची थोडी सरकली. मात्र गंगा जिथे उत्तरवाहिनी होते तो काठ तिने सोडला नाही.

आता आपल्या दारात येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि भारताचा किनारा यांच्यामधील व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. भरूच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. या दोन्ही गावांचा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भरूचला यायचा: पैठणहून मौल्यवान खडे, तगरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. याच काळात सातवाहनांच्या राज्यात नाशिकही भरभराटीला आले होते. एकाच काळातली, एकाच व्यापारावर पोसलेली ही तीन नगरे. दोन हजार वर्षांनी नाशिक हे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १४ लाख ८६ हजार वस्तीचे महानगर आहे, पैठण तालुक्याचे गाव आहे आणि तेर खेडे आहे. तिन्ही ठिकाणी वस्ती आहेच.

नाशिकचा पुरावा दुहेरी आहे, त्यामुळे तो विशेष मोलाचा. एक आहे शहराबाहेर, पांडवलेण्यांत. तिथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने करवले, असे त्याच्या लेखात म्हटले आहे. दुसऱ्या एका लेखात नाशिकच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. गावाचे नाव तेव्हाही हेच! पण सगळ्यांत बोलका लेख आहे तो क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायमची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज आणि १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळणार होते. हिशेब करून पाहावा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बाराप्रमाणे दोनशे चाळीस. पै न् पै जुळते. हा व्यवहार नगराच्या निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि दप्तरी नोंदवला गेला, हेही लेखात आहे. पुढच्या काळातील एका लेखात कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे करणारे यांच्या श्रेणींकडे आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेवी ठेवल्याचे दिसते. ज्या गावात विणकर, कुंभार, तेली यांच्या संघटनांवर लोक कायमची रक्कम सोपवतात, ते गाव राजाच्या मर्जीवर उभे नसते. राजे गेले तरी ते चालू राहते. नाशिक टिकले त्याचे मूळ या व्याजाच्या हिशेबात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा पुरावा शहराच्या पोटात आहे. गोदावरीकाठच्या जुन्या मातीच्या गढीत ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाण काळाच्या खुणा, त्यावर मौर्य-सातवाहन काळाची चकचकीत काळी भांडी, मग रोमन व्यापाराच्या काळातील लाल झिलईची भांडी, आणि सर्वांत वर मुसलमानी व मराठा अमदानीचे थर. एका टेकाडाच्या कापात नाशिकचा सगळा वंशवृक्ष उभा दिसला. या गढीची माती मात्र सुरक्षित नाही. काझीची गढी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात कडेवर घरे आहेत, पावसाळ्यात दरड ढासळते आणि तिथल्या रहिवाशांचा जीव टांगणीला लागतो. पुरातत्त्वाची काळजी करताना या माणसांना विसरणे हा अन्याय ठरेल. अखंड वस्तीचा वारसा चालवणारी माणसे तीच आहेत.

पैठणने सातवाहनांची राजधानी असणे केव्हाच सोडले. तरी पैठण मिटले नाही, कारण त्याने पुन्हा पुन्हा नवे काम पत्करले. सातवाहनांनंतर ते विद्वानांचे गाव झाले. ज्ञानेश्वरांची कथा शुद्धिपत्रासाठी पैठणलाच जाते. चक्रधरस्वामींचा वावर तिथला. सोळाव्या शतकात एकनाथ तिथे जन्मले, तिथेच राहिले आणि नाथषष्ठीला आजही वारकऱ्यांच्या दिंड्या तिथे पोचतात. रेशीम आणि जरीच्या कापडाला तर गावाचेच नाव मिळाले. १७६० च्या डिसेंबरात, पानिपतावर सैन्य अडकलेले असताना, नानासाहेब पेशव्यांचे लग्न पैठणलाच झाले. पण जवळच मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद म्हणून वाढली, तेव्हा कारभार आणि बाजारपेठ दोन्ही तिकडे गेली. १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि पैठणच्या उशाशी नाथसागर पसरला.

तेरचे दुखणे वेगळे. समुद्रापारचा व्यापार आटला आणि त्या व्यापाराची जागा घेईल असे मोठे काही तेरला मिळाले नाही. मागे उरले ते विटांचे त्रिविक्रम मंदिर. अर्धगोल पाठीचे हे देऊळ मुळात बौद्ध चैत्य असावे, असे अभ्यासक मानतात. पुढे संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून तेरची ओळख राहिली.

नाशिकपाशी एकाहून अधिक आधार होते. थळ घाटाची वाट, गोदावरीचे तीर्थ, दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, तांब्यापितळेच्या भांड्यांचा बाजार, पेशव्यांच्या सरदारांनी बांधलेली देवळे, मग रेल्वे, १९२५ च्या सुमारास सुरू झालेला सिक्युरिटी प्रेस, त्यानंतरचे कारखाने आणि द्राक्षे. एक आधार सुटला तरी दुसरा हाताशी असायचा.

आता या शहरांना खरा धोका आहे तो वाढीचा. पूर्वी घर पडले की त्याच मातीवर नवे उभे राहायचे. पांढर, म्हणजे गावाखालची वस्तीची माती, उंच व्हायची, पण खालचे थर शाबूत राहायचे. पुढे धाब्याच्या घरांसाठी पांढरीची माती गाड्या भरभरून नेली गेली, त्यात कित्येक गावांची टेकाडे संपली. आज वाडा उतरवून इमारत बांधताना पाया दहा-बारा फूट खाली जातो आणि शतकांचा थर डंपरमध्ये भरला जातो. रोममध्ये मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाचे काम चालू असताना आंबा अरादाम इथे नऊ मीटर खोलीवर सम्राट हेड्रियनच्या काळातील सैनिकांची बराक निघाली. एकोणचाळीस खोल्या होत्या. पुरातत्त्वज्ञ खोदाईच्या जागी आधीपासून हजर होते, म्हणून प्रत्येक खोलीची नोंद झाली आणि स्टेशनचा आराखडा बदलला गेला. नाशिक, पैठण, जुन्नर, कऱ्हाड या गावठाणांत असे काही करायला मेट्रोएवढा पैसा लागणार नाही. बांधकामाचा परवाना देताना पाया खणण्याच्या दोन-चार दिवसांत एक जाणता माणूस खड्ड्यापाशी उभा राहील, एवढी अट घालता येईल. नगरपालिका आणि पुरातत्त्व विभाग यांनी मिळून ठरवले तर हे होण्यासारखे आहे.

जाणत्या एका माणसाने काय होते ते तेरने दाखवले आहे. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शेतांत सापडणारी मडकी, नाणी, मणी, मृण्मूर्ती वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तशीच मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेखाली सापडली होती आणि आपल्याकडे भोकरदनलाही मिळाली आहे. दख्खनचा माल कुठवर जात असावा, याचा अंदाज त्या मूर्तींवरून येतो. लामतुरे यांच्या संग्रहातून पुढे तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि सातवाहनकालीन तगराबद्दल लिहिणाऱ्याला आजही आधी तिथेच जावे लागते.