जुन्या जीपचा खरा रंग कोणता?

मोटारीच्या रंगाचा विषय कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तो तर गॅरेजवाल्यांचा प्रांत! परंतु एखादी पन्नास-साठ वर्षांची गाडी पुन्हा उभी करताना तिला मूळचा रंग द्यायचे ठरले, की हा प्रश्न बघता बघता इतिहासाचा होऊन बसतो. मूळचा म्हणजे कोणता? तो कशावरून ठरवायचा? पुरावे एकमेकांशी भांडू लागले तर कोणावर विश्वास ठेवायचा? इतिहासाच्या तासाला आपण ताम्रपटांना आणि बखरींना जे प्रश्न विचारतो, तेच येथे पत्र्याला विचारायचे असतात.

आपल्या भागात जुनी गाडी म्हटली की डोळ्यांपुढे प्रथम येते ती जीप. कच्चे रस्ते, काळी चिकण माती आणि पावसाळ्यातले ओढे यांना पुरून उरणारे वाहन म्हणून तिची ख्याती. महिंद्र आणि महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जोडण्यास आरंभ केला आणि पुढे ती येथेच तयार होऊ लागली. आज अशी एखादी जीप दुरुस्त करणारा हौशी मालक पेंटरला डोळे झाकून सांगतो, ‘मिलिटरी हिरवा मारा.’ आणि नेमका हाच रंग बहुतेक वेळा चुकीचा असतो.

असे का, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीपगाड्या बनवल्या. त्यांचा रंग ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे चमक नसलेला, मातकट हिरवा. शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून तो मुद्दाम मंद ठेवलेला. पण १९४५ साली युद्ध संपत आले तेव्हा विलिज कंपनीने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप बाजारात आणली. तिचे नाव सीजे-२ए. तिच्या आरंभीच्या रंगांची नावेच बोलकी आहेत. एक ‘पाश्चर ग्रीन’, म्हणजे कुरणाचा हिरवा, आणि त्यावर पिवळी चाके. दुसरा ‘हार्वेस्ट टॅन’, म्हणजे सुगीच्या शेताचा फिका तपकिरी, आणि त्यावर तांबडी चाके. एक हिरवा लपण्यासाठी, दुसरा हिरवा मिरवण्यासाठी! दोन्हींना आपण ‘हिरवा’च म्हणतो, पण त्यांत युद्ध आणि शांततेइतके अंतर आहे.

आपल्यासमोरची जीप लष्करी की नागरी, हे ओळखणे कठीण नाही. पुढच्या जाळीतील उभ्या फटी मोजाव्यात. युद्धकाळातील नेहमीच्या लष्करी जीपला नऊ असतात, नागरी जीपला सात. नागरी जीपचे दिवे मोठे आणि मागे उघडणारी फळी असते. १९५३ साली आलेल्या सीजे-३बी या नमुन्याचे बॉनेट उंच असते, कारण तिचे नवे इंजिन जुन्या बॉनेटखाली मावत नव्हते. भारतात हीच उंच बॉनेटची जीप पुढे अनेक वर्षे बनत राहिली.

हिंगोलीत छावणी होती, तेव्हा येथील जीप लष्करीच असणार, असा युक्तिवाद कोणी करील. पण ती छावणी होती हैदराबाद कंटिंजंटची, आणि ते सैन्य १९०३ मध्ये हिंदी लष्करात विलीन झाले. जीपचा जन्म त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी झाला. शिवाय कायद्याचीही अडचण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे. म्हणजे हौसेने दिलेला ‘मिलिटरी हिरवा’ इतिहासालाही धरून नसतो आणि नियमालाही!

मग खरा रंग शोधायचा कसा? पहिला साक्षीदार म्हणजे आर. सी. बुक. त्यात रंगाची नोंद असते. पण ती ‘निळा’, ‘करडा’ अशी एका शब्दाची. निळा आकाशाचा की शाईचा, हे कारकून लिहीत नाही. त्यातून आपल्याकडे कागदांचा प्रवासही वळणावळणाचा. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी आपण परभणी जिल्ह्यात होतो. म्हणून एमएच-३८ ही आपली खूण जुन्या जीपवर नसते. तिचे मूळ कागद परभणीत किंवा त्याहून दूर शोधावे लागतात.

दुसरा साक्षीदार घरातली छायाचित्रे. कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखणे मात्र धोक्याचे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जाणवत नसे. त्यामुळे तांबडी वस्तू काळी दिसे आणि निळी फिकट. फोटोतली काळी गाडी प्रत्यक्षात लालभडक असू शकते. तिसरा साक्षीदार म्हणजे वडीलधाऱ्यांची आठवण. ती मोलाची, पण माणसाला गाडी आठवते ती बहुधा लग्नाच्या वरातीतली, कारखान्यातून निघालेली नव्हे.

सर्वांत विश्वासू साक्षीदार स्वतः गाडीच असते. जेथे ऊन पोचत नाही आणि पेंटरचा हातही पोचत नाही, तेथे मूळ रंग जिवंत राहतो: डॅशबोर्डच्या मागे, दिव्यांच्या वाटीखाली, रबरी पट्टीच्या आत, पत्र्यावर पत्रा बसतो त्या सांध्यात. जेथे अनेक थर चढले असतील तेथे रुपयाएवढी जागा निवडून बारीक वॉटर पेपरने, पाणी लावत, हलक्या हाताने घासावी. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलये उमटतात. मधोमध पत्रा, त्याभोवती प्रायमर, मग पहिला रंग, आणि बाहेर नंतरच्या मालकांचे रंग. मात्र हे घासणे कोरडे करू नये आणि तोंडाला चांगला मास्क बांधावा. जुन्या पिवळ्या-हिरव्या रंगांत शिशाची संयुगे असत, आणि ती धूळ विषारी असते.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना ही वलये ओळखीची वाटतील. आपल्याच जिल्ह्यातील नरसीच्या नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळलेले आहेत, आणि ते वेगळे काढण्यासाठी अभ्यासकांना भाषेचे थर तपासावे लागले. तेथे शब्दरूपे पाहतात, येथे रंगाची वलये. पद्धत एकच: वरचे आणि खालचे यांचा क्रम लावायचा आणि खालच्याला आधी ऐकायचे.

रंग सापडला तरी काम संपत नाही. उघड्या पत्र्यावरचा रंग उडालेला असतो आणि अंधारातला पिवळटलेला. म्हणून नमुना रबिंग कंपाउंडने थोडा उजळून घ्यावा आणि मग रंगाच्या तक्त्याशी जुळवावा. भारतीय मानक आय. एस. ५ मध्ये रंगांना क्रमांक दिलेले आहेत. उदाहरणार्थ सिग्नल रेड म्हणजे ५३७. क्रमांक लिहून ठेवला की ‘थोडा गडद, थोडा फिका’ हा वाद मिटतो. जुळणी दिवसाच्या उजेडातच करावी. दोन रंग ट्यूबलाइटखाली जुळे भाऊ वाटतात आणि उन्हात परके होतात, कारण त्यांतील रंगद्रव्ये वेगळी असतात.

रंग कशात कालवला आहे, यालाही इतिहास आहे. पूर्वीचे तेलाचे रंग वाळायला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी गाडी १९१४ ते १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळे. १९२३ साली ड्यूपॉन्ट कंपनीचा ‘ड्युको’ नावाचा, नायट्रोसेल्युलोजचा, झटपट वाळणारा रंग आला आणि मोटारींना रंगीबेरंगी रूप मिळाले. ते नाव आपल्या पेंटरांच्या तोंडी अजून आहे. आजचे दोन डब्यांचे पॉलियुरेथेन रंग फार टिकाऊ, पण त्यांची काचेसारखी चमक जुन्या जीपवर उपरी दिसते, आणि त्यातील आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना घातक असते. चमक कमी ठेवून ते वापरता येतात. पण पेंटरला योग्य मास्क दिल्याशिवाय मुळीच नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. समजा, तळाशी सुगीचा तपकिरी निघाला. पण आजोबांनी घेतल्यापासून चाळीस वर्षे ती जीप निळीच होती आणि गाव तिला निळी जीप म्हणूनच ओळखते. मग खरा रंग कोणता? औंढ्याच्या नागनाथ मंदिराकडे पाहावे. खालचे कोरीव दगडी काम यादवकालीन, वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धाराचा. वरचा भाग ‘मूळचा नाही’ म्हणून कोणी पाडा म्हणणार नाही. तोही आता इतिहासच आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली; तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली. तिचा रोखही असाच आहे: वस्तूच्या आयुष्यात घडलेले बदल हेही पुरावेच, आणि हात लावावा तो कमीत कमी. आपल्याकडे जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू लागली आहे, त्यामुळे हा विचार आता केवळ हौसेचा राहिलेला नाही.

माझ्या मते येथे दोन प्रामाणिक उत्तरे आहेत. कारखान्याचा रंग द्यावा, किंवा घराचा द्यावा. दोन्ही खरे. खोटा फक्त तिसरा, जो त्या गाडीने कधी अंगावर घेतलाच नाही आणि केवळ रुबाबासाठी चढवला जातो. निवड कोणतीही असो, ती का केली ते कागदावर लिहून आर. सी. बुकाबरोबर ठेवावे, रंग बदलला असल्यास आर. टी. ओ. कडे नोंद करावी, आणि डॅशबोर्डच्या मागे तळहाताएवढी जागा तशीच, न रंगवता सोडावी. आणखी पन्नास वर्षांनी कोणी वॉटर पेपर घेऊन बसेल, तेव्हा त्याला विचारायला एक साक्षीदार उरला पाहिजे.